दारावरचं वाटोळं

घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात माझ्या साडूनं मनातल्या मनात पाडली नाही अशी एकही इमारत उरली नसेल. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. मुलुंडच्या एका कारखान्यात नकाशे काढायची नोकरी, माणूस निर्व्यसनी, म्हणून हे लग्न मीच जमवलं. आता सांगतो कोणाला? कोयनेच्या भूकंपात आमच्याकडे मांडणीवरची भांडी जरा वाजली, बायका "अगंबाई" म्हणाल्या आणि सगळी मुंबई कामाला लागली. हा नाही लागला. तेव्हापासून कोणाच्याही घरी गेला की आधी खिशातली गोटी काढून जमिनीवर ठेवणार, मग चपला काढणार. गोटी घरंगळली की ते घर नापास! आमच्या सत्यनारायणाला ती थेट चौरंगाखाली गेली, भटजींनी दचकून पाय वर घेतले, आणि हा भरल्या घरात म्हणतो, "साडूभाऊ, खोली पूर्वेला कललीय. प्रसाद बाहेर वाटा." माझ्या पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो तर मुलाला पगार विचारायचा सोडून यानं विचारलं, "जिना लाकडी की दगडी?" तरीही लग्न जमलं, हे पोरीचं नशीब.

आमची चाळ घाटकोपरला, टेकडी कापून तिच्या पायथ्याशी बांधलेली. शेवटच्या खोलीत याची आई एकटी राहायची. सगळी चाळ तिला आये म्हणायची. पावसात डोंगराची माती सुटणार आणि पहिली आयेची खोली जाणार, हे यानं कागदावर मांडून मला दहादा दाखवलं होतं. आये मात्र मुलुंडला लेकाकडे जायचं नाव काढत नव्हती.

एका मे महिन्यात रविवारी हा ओळंबा आणि गेरूचा डबा घेऊन चाळीत हजर! भिंती ठोकल्या, ओळंबा सोडला आणि डोंगराला लागून असलेल्या तीन दारांवर लाल गोल काढले. "गोल म्हणजे धोका. पावसाळ्यात इथे राहू नका," असं ओरडून सांगितलं. ऐकतंय कोण? सोमवारी चाळभर बातमी, की म्युन्सिपालिटीची माणसं येऊन गेली, ज्याच्या दारावर गोल त्याला नवा ब्लॉक! झालं. "आम्ही काय घोडं मारलंय?" म्हणत लोकांनी स्वतःच गेरू आणला. संध्याकाळपर्यंत सगळ्या दारांवर गोल, संडासाच्या दारांवरसुद्धा. "घरचा माणूस असून आपलं दार कोरडं!" म्हणत आमच्या हिनं गेरू मिळेना तेव्हा कुंकवानं गोल काढला.

एकच दार स्वच्छ होतं. आयेनं ते ओल्या फडक्यानं घासून पुसलं होतं आणि कारखाना सुटल्यावर राहिलेला डबा न्यायला आलेल्या लेकाला उंबऱ्यातच धरलं होतं. "माज्या दारार वाटोळां काडतंस? माजां वाटोळां करूक इलंस काय रे मेल्या?"

"आये, चार महिने तरी चल गो!"

"तुज्या बापाशीन हयच डोळे मिटल्यान. मी खंयच जावचंय नाय."

मीही त्याच्यावर डाफरलो. "वाट लावलीस चाळीची! बस कर आता हे खूळ." तो आपला डबा उचलून निघून गेला.

पाऊस लागला आणि साडू बोचकं घेऊन आयेकडे राहायला आला. कारखाना मुलुंडला, बायको मुलुंडला, आणि हा घाटकोपरला, स्वतःच नापास केलेल्या खोलीत! एका रविवारी दुपारी मी त्याला चार शब्द सुनवायला गेलो. आयेची खाट त्यानं उघड्या दाराशी ओढली होती, ती गाढ झोपली होती. याची सतरंजी पार मागे, डोंगराकडच्या ओल आलेल्या भिंतीला चिकटून.

"अरे शहाण्या, भिंत आली तर आधी तुझ्या अंगावर येईल."

"हो ना," तो हळूच म्हणाला. "तेवढ्यात आये बाहेर पडेल."

 त्यानंतर मी त्याची टिंगल कधी केली नाही.

असे चार पावसाळे त्यानं काढले. भिंत काही पडली नाही. आये गेली ती माघात, साध्या तापानं. सगळं उरकून आम्ही परत आलो तेव्हा तो म्हणाला, "पावसात नाही गेली, साडूभाऊ." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडला.