पार्सेचं खोकणारं इंजिन

गॅरेजातलं भंगार वर्षातून दोनदा भंगारवाला उचलून नेतो. किस्से कोण नेणार? पंप, ग्रासकटर, फवारणीचं मशीन, जे दुरुस्तीला येतं ते एखादा किस्सा मागे टाकूनच जातं! पण पार्सेच्या वसंतदादाच्या मशीननं एकट्यानं माझं अर्धं गॅरेज भरलंय.

दादाची काजूची दारू गाळायची भट्टी. लाकडं फोडायचा पुंडलिक, सावंतवाडीकडचा. गेल्या साली त्याची कंबर धरली, म्हणून दादानं पेट्रोलवरचं लाकूडफोडीचं मशीन आणलं. दादाच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा, मशीनला पहिल्यापासून विरोध.

ऐन सीझनमध्ये दादाचा फोन आला, "मेस्त्री, मशीन खोकता!"

मागून वहिनींचा आवाज, "ह्या साली चालला नाय तर भट्टी कायमची बंद!"

पिंपात काजूचा रस आंबून तयार होता. लाकूड नाही तर जाळ नाही, आणि आंबलेला रस कुणासाठी थांबत नाही.

*

पहिल्या फेरीत प्लग बदलला. एका ओढीत चालू! मी ऐटीत चहा-पाव खाल्ला, वर "प्लग गेला की असंच होतं" असं लेक्चरही दिलं.

डिचोलीला येऊन शटर उघडतोय तोवर फोन. "मेस्त्री, खोकता!"

*

दुसऱ्या फेरीत कार्बोरेटर खोलला. खालच्या वाटीत पेट्रोलच्या तळाशी पाणी!

मी दादावर भडकलो. "टाकी उघडी ठेवता काय?"

"देवाशपथ नाय!"

पुंडलिक म्हणाला, "दंव पडता, मेस्त्री."

एप्रिलमध्ये एवढं दंव? माझं डोकंच फिरलं. टाकी उपसली, पुसली, नवं पेट्रोल भरलं. छान चाललं.

दुसऱ्या सकाळी परत फोन. मीच विचारलं, "खोकता?"

"नाय, आता उचकी लागता!"

*

तिसऱ्या फेरीला नवा कॅन आणि पेट्रोल मी डिचोलीहूनच नेलं. मशीनवर ताडपत्री बांधली. दोन दिवसांत पुन्हा फोन, पुन्हा खोकला!

बायको म्हणाली, "सोडा हो ते मशीन." मी म्हटलं, सोडलं तर उद्यापासून मेस्त्री म्हणवून घेणार नाही!

चौथ्यांदा पोचलो तर पुंडलिक कमरेला पट्टा आवळून कुऱ्हाड घेऊन उभा. एक घाव घालायचा आणि कंबर धरून बसायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुऱ्हाड ठेव," म्हटलं. "कारण सापडल्याशिवाय आज मी हलत नाही."

*

वाटी खोलली आणि तळाचं पाणी तळहातावर घेऊन हुंगलं. काजू! पाणी कसलं, काजूची पहिल्या धारेची दारू, हुर्राक!

"पुंडलिक!"

त्यानं मान खाली घातली. "रोज सकाळी टोपणभर घालतंय. राखणदाराचो वाटो. नव्या वस्तूक मान नको?"

भट्टीवर पहिल्या धारेतला वाटा राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, द्यायची रीत आहे, ते मला ठाऊक होतं. पण टाकीत?

दादानं जीभ चावली. "आरे, मी पण घालतंय! म्हटला, हो पुंडलिक विसरत असतलो."

आम्ही तिघांनी वहिनींकडे बघितलं. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "माझो आपलो अर्धो ग्लास. भट्टी चलूक नको काय?"

म्हणजे इंजिन खोकलं की हे तिघं वाटा वाढवायचे, आणि वाटा वाढला की इंजिन आणखी खोकायचं! मी उपसतोय, हे भरतायत!

*

वाटा बंद करा म्हटलं असतं तर मलाच हाकललं असतं. टाकी साफ केली, झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली नेऊन ठेवली राखणदार म्हणून पुजतात त्या दगडापाशी. पेट्रोल भरायचं तर त्याच्यासमोरून किल्ली उचला. मग टाकीत दुसरं काही ओतायची कुणाची छाती आहे?

वाटाही त्याच दगडावर पडला. पुंडलिकानं गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, काय चुकला-माकला असात ता पोटात घाल, आणि ह्या इंजिनाचो खोकलो बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

दोरी ओढली. इंजिन जेवणापर्यंत एकदाही खोकलं नाही. अंगणात लाकडांचा ढीग पडला, भट्टीखाली जाळ लागला. पुंडलिक तर मशीनच्या बाजूला बसून नुसता हसत होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

मी वहिनींना म्हटलं, "आता तरी पटलं?"

"पटला तर!" वहिनी म्हणाल्या. "आमी इतको वाटो घालतो, आणि तू येऊन सगळो उपसून टाकतंस. मगे तो राखणदाराक पोचतलो कसो?"