जीपच्या गिअरबॉक्सला अकरा गरम पिशव्या

प्रिय निहार आणि सई,

परवा व्हिडिओ कॉलवर निहारने मला जुनी फोर-बाय-फोर जीप दाखवली. तुमच्या बाबाने ती कॅल्गरीत घेतली आहे आणि हिवाळ्याआधी तिचं गिअर ऑइल बदलायचं आहे. निहार म्हणाला, "आजी, दुकानात सात प्रकार आहेत. गिअरबॉक्स आवाज करतो. सगळ्यात जाड घेऊ का?" मी म्हटलं, थांब, लिहून कळवते. हाच प्रश्न मी एकदा चुकीचा सोडवला होता. त्यात एका माणसाचा जीव जाणार होता. तुमच्या आईलाही ही हकिगत अर्धीच माहीत आहे.

तेव्हा मी लष्करात नर्सिंग ऑफिसर होते, कॅप्टन. पोस्टिंग उंचावरच्या एका छोट्या फील्ड हॉस्पिटलला होतं. वॉर्डात बारा खाटा, एक डॉक्टर मेजर, तेच आमचे सीओ, म्हणजे प्रमुख. बाहेर दोन अ‍ॅम्ब्युलन्स जीप. सकाळी सहाला वॉर्ड राउंड, साडेसातला चहा, आठला सीओंना रिपोर्ट. सामान सांभाळणारे क्वार्टर मास्टर रजेवर गेले तेव्हा सीओंनी गाड्यांची देखभाल वही माझ्याकडे दिली. कारण एकच, माझं अक्षर सुवाच्य होतं.

अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर लान्स नाईक शेख युसुफ. गाव हट्टा, आपल्या वसमतपासून हाकेच्या अंतरावर. त्याचे वडील आणि भाऊ ट्रॅक्टरचे मिस्त्री. इतक्या लांब वसमतचं माणूस भेटल्याचा आम्हा दोघांना फार आनंद. चारचौघांत तो मला 'मॅडम' म्हणे. दोघंच असलो की 'ताई'.

त्याच्या जीपचा गिअरबॉक्स घरघर करायचा. मी विचारलं, "हे काय वाजतंय?"

"म्हातारा झालाय ताई, खोकून राहिला," युसुफ म्हणाला. "ह्यात एकशेचाळीस टाकू. अब्बा जुन्या ट्रॅक्टरला तेच टाकतेत. आवाज गप."

"मॅन्युअलमध्ये ८०डब्ल्यू-९० लिहिलंय."

"मॅन्युअल लिवणाऱ्यानं हट्ट्याचा ट्रॅक्टर कुठं बघितलाय?"

मी हसले. स्टोअरमध्ये मैदानी भागातल्या गाड्यांसाठी आलेला १४०चा, म्हणजे सगळ्यात जाड तेलाचा डबा होता. माझ्या माहेरीही जुन्या जीपला जाडच तेल घालत, हे मला आठवलं. आपल्याकडचं ज्ञान म्हणून मी ते मानलं. मी वहीत सही केली आणि युसुफने तेल बदललं. आपल्याकडे थंडी म्हणजे कानाला मफलर, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्या दिवशी दुपारी जीप फिरवून पाहिली. आवाज खरंच गप झाला. युसुफ मला सॅल्यूट मारून म्हणाला, "बघा, खोकला गेला." मग बर्फ पडायला लागला आणि जीप तीन दिवस जागेवरच उभी राहिली. दुसरी जीप दुरुस्तीसाठी खाली गेली होती.

चौथ्या दिवशी सकाळी ०६१० वाजता वरच्या चौकीवरून स्ट्रेचर आलं. सिपाही दीवान सिंग, वय बावीस. ओठ निळे, श्वासात बुडबुड्यांचा आवाज. उंचीमुळे फुप्फुसांत पाणी झालं होतं. औषध देता येतं, पण खरा इलाज एकच, माणसाला लवकरात लवकर खाली नेणं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. बाहेर तापमान उणे चोवीस.

बरोबर नेता येईल असा ऑक्सिजनचा एकच भरलेला सिलिंडर होता. तो अडीच तास पुरणार होता. खालच्या हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता सव्वादोन तासांचा. ०६३० वाजता सिलिंडर सुरू केला आणि स्ट्रेचर जीपमध्ये चढवलं.

इंजिन सुरू झालं. युसुफने न्यूट्रलमध्येच क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने क्लच दाबून धरला आणि दोन्ही हातांनी गिअर ओढला. दांडा हललाच नाही. आत तेल डांबरासारखं गोठलं होतं.

युसुफने माझ्याकडे पाहिलं. "ताई, एकशेचाळीस."

"कळलं," मी म्हटलं.

सीओ वॉर्डच्या दारातून ओरडले, "सिस्टर, कितना टाइम?"

"सर, पता नहीं."

युसुफ तोवर बर्फावर पाठ टेकून गाडीखाली गेला होता. खालूनच बोलला, "जाळ करता येत न्हाई, वर ऑक्सिजन हाय. शेक द्यायला पायजे."

शेक म्हटल्यावर मला माझं काम सुचलं. वॉर्डात गरम पाण्याच्या रबरी पिशव्या होत्या. लंगरमध्ये, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, चहासाठी पाणी उकळत होतं. मोजून तेरा पिशव्या भरल्या. दोन दीवान सिंगच्या ब्लँकेटमध्ये ठेवल्या, अकरा युसुफला दिल्या. त्याने त्या गिअरबॉक्सला, चारही चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसला आणि मागच्या अ‍ॅक्सलला क्रेप बँडेजने बांधल्या. मोडलेल्या पायाला बांधतात तसंच, खालून वर. मी शिकवलेलं.

"पेशंटला दोन आन् गाडीला अकरा," तो म्हणाला. "दीवानभाई, नाराज मत होना."

दीवान सिंगने मास्कच्या आतून मान हलवली. तो शुद्धीवर आहे हे मला त्यावरून कळलं.

०६५५ वाजता मी रेडिओवर खालच्या हॉस्पिटलला बोलले.

"एक स्ट्रेचर पेशंट. ऑक्सिजन फक्त नऊपर्यंत. आमची गाडी उशिरा निघेल. सिलिंडर घेऊन तुमची गाडी अर्ध्या वाटेवरच्या पुलापर्यंत वर पाठवा. ओव्हर."

"उशिराचं कारण? ओव्हर."

"गिअर ऑइल चुकीचं. सही माझी. ओव्हर."

मग उत्तर आलं, "गाडी निघते आहे. आउट."

पिशव्या दोनदा बदलल्या. ०७२० वाजता दांडा कुरकुरत पहिल्या गिअरमध्ये गेला. मी मागे पेशंटजवळ बसले. पहिला तासभर युसुफने दुसऱ्याच्या वर गिअर टाकला नाही. मी दर पाच मिनिटांनी नाडी आणि सिलिंडरचा काटा पाहत होते. युसुफ आरशात पाहून एवढंच विचारी, "हाय ना?"

"आहे."

०८४० वाजता पुलावर खालची गाडी उभी दिसली. काटा तांबड्या पट्ट्यात होता. सिलिंडर बदलला. मी बाहेर येऊन गाडीला टेकले. युसुफ बोनेटवर हात ठेवून उभा होता. मग दीवान सिंगला घेऊन आम्ही खालच्या हॉस्पिटलपर्यंत गेलो.

परत आल्यावर आम्ही १४० काढून ८०डब्ल्यू-९० भरलं. घरघर पुन्हा सुरू झाली. वहीत मी सगळं लिहिलं, माझ्या सहीसकट. सीओंनी वाचलं आणि खाली 'सीन', म्हणजे पाहिलं, एवढंच लिहून माझ्यासाठी चहा मागवला.

आता तुमच्या जीपचं. तेल आवाज लपवतं, बिघाड दुरुस्त करत नाही. आवाज येत असेल तर आधी बेअरिंग तपासून घ्या. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात, म्हणून डब्यावर जीएल-४ लिहिलेलं तेल घ्या. जीएल-५ मधली रसायनं पितळाला मानवत नाहीत. अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलला मात्र सहसा जीएल-५च लागतं. दोन्ही डब्यांची अदलाबदल करू नका. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं. तुमच्याकडच्या थंडीला ७५डब्ल्यू-९० बरं. ट्रान्सफर केससाठी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि त्यात लिहिलंय तेच घाला. मॅन्युअलपेक्षा आजोळचं शहाणपण मोठं समजू नका. माझं चुकलं ते तिथेच.

दुसऱ्या हिवाळ्यात शेख युसुफ त्याच रस्त्याने वर एका पेशंटला आणायला निघाला होता. हिमस्खलन झालं. गाडीत काही दोष नव्हता. त्या सकाळची तपासणी मी स्वतः केली होती. तो तीन दिवसांनी सापडला. मी त्याच्या शवपेटीबरोबर हट्ट्याला आले. त्याच्या अम्मीने मला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "काम बराबर करत होता का माझा लेक?" मी म्हटलं, "व्हय अम्मी, बराबर." तो सव्वीस वर्षांचा होता. त्याने त्या रस्त्यावरून एकतीस पेशंट खाली नेले. मी वहीतून मोजले आहेत. एकतीसच्या एकतीस जण जिवंत पोहोचले.

दीवान सिंग पिथौरागडजवळ त्याच्या गावी राहतो. दिवाळीला त्याचा फोन येतो. नातवंडं झाली आहेत. छाती साफ आहे. सकाळी तो अजून डोंगर चढून देवळापर्यंत जातो.

तुमची आजी
वसमत