मामांची शिंगवाली मोटार

आमच्या मामांच्या हाती देवाने तयार स्वर्ग दिला असता, तरी पहिल्याच दिवशी लोहाराला बोलावून त्यांनी त्याचं दार थोडं रुंद करून घेतलं असतं. जी वस्तू जशी आली तशी वापरणं म्हणजे त्या वस्तूचा अपमान, असं त्यांना मनापासून वाटे. छत्रीच्या टोकाला त्यांनी विळा बसवला होता, जाता जाता शेळ्यांसाठी बाभळीच्या शेंगा तोडता याव्यात म्हणून; त्या छत्रीत त्यांच्याबरोबर चालायला कुणी धजत नसे. लग्नात मिळालेलं घड्याळ त्यांनी इतक्यांदा उघडून सुधारलं, की शेवटी ते उताणं ठेवलं तरच चाले. मामी म्हणायच्या, "मी तेवढी आलते तशी ऱ्हायले, नशीब माझं."

अशा माणसाने मोटार घेतली. निजामाचा अंमल होता, बीडच्या रस्त्यावर मोटार दिसली तर लोक दुकानं सोडून बाहेर येत, आणि मामा तर राहायचे लिंबागणेशला. गावाने त्यांना वेड्यात काढलं, पण ही हौस नव्हती. मामींचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा बैलगाडी बीडच्या दवाखान्याकडे निघाली आणि वाटेतल्या ओढ्याच्या पुराने अडून बसली. मामी वाचल्या, मूल गेलं. मागून झालेली एकुलती एक लेक आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, तेही भर भादव्यात. मामा एवढंच म्हणाले, "ह्या टायमाला वढ्याची वाट बघायची न्हाई."

मी बीडला एका वकिलांकडे मुन्शीगिरी करत होतो, उर्दू कागद वाचता येत होते, म्हणून मामांनी मला हैदराबादला बरोबर नेलं. मामांची सारी उमर जनावरांच्या बाजारात गेलेली. मोटारीच्या दुकानात त्यांनी उपरणं पसरलं, एजंटाचा हात त्याखाली ओढला आणि बोटं दाबून भाव करायला लागले. तो बिचारा लाजून लाल झाला. मग त्याने हमीचा कागद दिला. गाडीत बिघाड निघाला तर पहिलं वर्षभर कंपनी भरून देईल, मात्र गाडीत काहीही फेरफार केला तर हमी रद्द, असं त्यात होतं. मी ते दोनदा वाचून दाखवलं. मामा हसले. "बैल घेतल्यावर आपुन शिंगं साळतो, खुरांना पत्र्या ठोकतो, येसण बदलतो. म्हणून इकणाऱ्याचा शब्द जातो व्हय? सबूद म्हंजी सबूद." त्यांच्या बाजारात खरोखरच तसं होतं, म्हणून मी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

गावी आल्यावर लोहाराच्या भट्टीला उसंत राहिली नाही. पाणी इंजिनात शिरू नये म्हणून गाडी हातभर उंच झाली. धुराची नळी वाकवून छपराच्या वर गेली, पोहताना बैल नाक वर धरतो तशी. इथवर ठीक होतं. पण मामा कसले थांबतात! फेटा अडतो म्हणून छपराला भोक पडलं. भोंगा जाऊन घुंगुरमाळ आली. आणि पोळ्याला दोन्ही दिव्यांवर शिसवी शिंगं बसली, त्यांना लाल हिंगूळ लागला, गोंडे लागले. त्या थाटात मामा बीडच्या बाजारात शिरले आणि तिथले खरे बैल हा नवा भाऊबंद पाहून जे बिथरले, ते भाजीच्या ढिगांतून पार नदीपर्यंत गेले.

पोलिसांच्या अमीनसाहेबांनी गाडी अडवली. "पाटील, ये मोटर है के बैल?" म्हणाले, "पहले जैसी करो, तब तक रस्ते पे नक्को." त्याच आठवड्यात धक्के झेलणारी चाकावरची कमान मोडली. हमीवर भरून मागायला मी पत्र धाडलं, तसा हैदराबादचा एजंट आला, दुरून गाडी पाहिली आणि जवळ न जाताच हमी संपल्याचं सांगून परत गेला. लेक माहेरी येऊन पोचली होती. ओढा भरत होता. मामा मोडक्या कमानीपाशी उकिडवे बसले. "भाचेबुवा, कंपनीचा सबूद गेला तर जाऊ द्या," ते म्हणाले. "लोखंडाची हमी व्हती ती. मला पोरीची पायजे."

लोहाराने कमान सांधली आणि मामांनी स्वतःच्या हाताने गाडीचा साज उतरवायला घेतला. शिंगं काढली, घुंगुरमाळ काढली, भोंगा परत लावला, छपराच्या भोकावर कातडं शिवलं. उंची आणि नळी तेवढी ठेवली. मग अमीनसाहेबांना हात जोडून म्हणाले, "हुजूर, एकडाव वढ्यावर चला. न्हाई पटलं तर गाडी तिथंच सोडून येतो."

अमीनसाहेब घोड्यावरून आले. घोडा पाण्याला बिचकला, पाय टाकेना. शेवटी साहेब मोटारीत बसले. मामांनी गाडी पाण्यात घातली, आणि ती घरघरत, नळी वर धरून, पलीकडच्या काठाला लागली. साहेबांनी मागे वळून आपल्या घोड्याकडे पाहिलं. "जो पानी से बचाता, वो रहने दो," ते म्हणाले. "जो बैलां को डराता, वो घर में रखो." आणि इजाजत मिळाली.

भादव्यातल्या एका सकाळी मामा लेकीला घेऊन त्याच पाण्यातून गेले. मामी मागे बसल्या होत्या. ओढ्यात त्यांनी डोळे मिटले ते दवाखान्याच्या दारात उघडले. संध्याकाळच्या आत नात झाली, आणि मामा गाडीच्या चाकाला टेकून सगळ्यांदेखत रडले.

शिंगं मग वर्षातून एकदाच लागत, पोळ्याला, गाडी गोठ्यात उभी असताना. नात गाडीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायची. आता मामा नाहीत आणि गाडी कधीची बंद पडली आहे. त्यांनी शेवटच्या पोळ्याला बसवलेली शिंगं कुणी काढलीच नाहीत. गेल्या पोळ्याला मी गेलो, तेव्हा नात त्यांना हिंगूळ लावत होती. एक शिंग वाकडं बसलं होतं, ते सरळ करायला तिने हात घातला, तर दारात बसलेल्या मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. त्येंनी लावलंय तसंच ऱ्हाऊ दे."