दोरीअलीकडचे काका

हळू आवाजात बोलणं देवाने माझ्या मावशीच्या यजमानांना दिलेलंच नाही. काकांची सगळी नोकरी लातूरच्या बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात गेली आणि माईक त्यांच्यापुढे केवळ शोभेला असायचा. त्यांनी 'किल्लारी, उमरगा' असा पुकारा केला की रस्त्यापलीकडे चहा पिणारे प्रवासीही कप ठेवून धावत. निवृत्तीनंतर स्थानक सुटलं, पुकारा सुटला नाही. जेवताना त्यांनी मावशीकडे मीठ मागितलं की शेजारीणही दचकून बरणीकडे बघते. अनोळखी माणूस त्यांना चालतच नाही. "गाव कोणतं तुमचं?" असं सुरू झालं की थोड्या वेळात काहीतरी नातं निघतंच. मी मात्र इंग्रजी शाळेतली, चारचौघांत घसा कोरडा पडणारी. त्यामुळे कॉलेजच्या प्रवेशापासून चपलांच्या दुकानापर्यंत माझ्या वतीने तेच बोलत. "पोरगी हुशार हाय, पण बोलंना. काय इचारायचं ते मला इचारा." मला लाजही वाटे आणि हायसंही.

लक्षद्वीपच्या सहलीला खरं तर काकांबरोबर मावशी जायची होती. तिला पाण्याची भीती, म्हणून तिने मला पुढे केलं. तिथे एका राखीव बेटावर आम्हाला होडीने उतरवलं. बेट कसलं, समुद्रातून जेमतेम वर आलेला वाळूचा पांढरा पट्टा. रक्षकाने बजावलं, की सुरय पक्ष्यांनी उघड्या वाळूवर अंडी घातली आहेत. भोवती बांधलेली दोरी ओलांडायची नाही, आवाज करायचा नाही. पक्षी उडून गेले तर अंडी उन्हात भाजून निघतात.

"हमारी आवाजच ऐसी है जी, क्या करना?" काकांनी विचारलं.

"मत बोलिए," तो म्हणाला.

काकांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला घट्ट बांधला. शिंक आली तीही आतल्या आत जिरवली. वाळूच्याच रंगाचं, ठिपक्यांचं एखादं अंडं दिसलं की नुसती माझी ओढणी ओढत.

रक्षक होडीकडे गेला होता. तेवढ्यात आमच्याच सहलीतले एक पुणेकर गृहस्थ फोटोसाठी दोरीखालून आत गेले. जवळचे दोन पक्षी उडाले. काकांनी टॉवेल खाली ओढला, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांनी हाक मारली असती तर सगळा थवाच उठला असता. ते माझ्याकडे बघत राहिले.

मी दोरीपर्यंत गेले. "थांबा. पुढे अंडी आहेत."

"अहो, एकच फोटो काढतो."

"नाही. आलात त्याच पावलांवरून मागे या."

ते आले. थोड्या वेळाने पक्षीही आपापल्या जागी उतरले. परतताना होडीत काका एवढंच म्हणाले, "आवाज हाय की तुला. उगंच मी मधे मधे बोलत राहिलो."

त्यानंतर ते माझ्या वतीने कुठेच बोलले नाहीत. परवा त्यांना दाखवायला दवाखान्यात नेलं. ते मागे बाकावर बसले; शेजारच्या माणसाला त्यांनी गावही विचारलं नाही. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पेशंटचं नाव जोरात सांगा." मी जोरात सांगितलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. या वेळी मला लाज वाटली नाही. हायसंही वाटलं नाही.