काठी पाटावर होती

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मालनबाईचं काम एकच: पाण्याच्या टाकीच्या तळाशी बसलेला चुरा उपसायचा. खाणीतलं तांबं काढून झाल्यावर उरलेला दगडी चोथा परराज्यातून ट्रकने यायचा. टाकीत विजेचा लोळ कडाडला की चोथ्याचे दाणे फुटत आणि आत अडकलेलं तांबं सुटं होई. शेजारी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचे पिंपाएवढे डबे. बटण बंद केलं तरी वीज त्यांत दबा धरून बसते. म्हणून कशालाही हात लावण्याआधी तांब्याच्या आकड्याची काठी डब्यांना टेकवायची. काठीची लांब तार जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडलेली, म्हणजे उरलेली वीज जमिनीत उतरते. मालनबाई हे आधीच्या बाईच्या जळक्या बोटांकडे बघून शिकली.

शहाण्णव सालची खंडेनवमी. मशीन बंद. पाने, हातोडे धुऊन पाटावर मांडलेले. हळदीकुंकवाला सवाष्ण हवी म्हणून सुपरवायझर हनुमंताने मालनबाईच्याच सुनेला, पॅकिंगमधल्या आरतीला, बोलावलं. मालनबाई विधवा. बाईला नवरा नसला की लोखंडालाही विटाळ होतो, हे शहाणपण आपल्याकडे कारखान्यातसुद्धा पोचलेलं असतं.

"मावशी, तुमी तिकडंच थांबा."

"व्हय बाबा, माझी सावली पडंल तुझ्या पान्यांवर!"

लोक हसले. आरती ताट घेऊन डब्यांपाशी गेली. मालनबाईने सवयीने काठीच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी. काठी पाटावर होती. धुतलेली, वर झेंडू वाहिलेला, तार मागे तशीच जोडलेली. हत्यारांबरोबर तीही पूजेला बसवली होती.

"आरते, हात मागं घे!"

"आत्याबाई, निस्तं कुंकू तर लावतेय..."

"मागं हो म्हंते ना!"

पाटावरचे तांदूळ तुडवत तिने काठी उचलली आणि डब्याला टेकवली. फाडकन निळा जाळ झाला. आरतीच्या हातातलं ताट फरशीवर आपटलं.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "पूजा मोडली की हिनं."

हनुमंताचा चेहरा पांढराफटक. पण मोठेपणा काही सुटेना. "दुसरी सवाष्ण बोलवा. आन् ती काठी परत धुऊन पाटावर ठेवा, इटाळली."

मालनबाईने काठी जरा उचलून पुन्हा टेकवली. बारीकसं 'चट्' झालं.

"अजून हाय आत," ती म्हणाली, आणि काठी तशीच दाबून धरून फरशीवर बसली. "आना कुनाला आनायचं त्ये. मी हितनं हलत न्हाई."