पहिलं पान काढलेला आराखडा

आमचे हे कुलपांच्या कारखान्यात फोरमन. तेवीस वर्षं ह्यांच्या हाताखाली चाळीस माणसं कानशीनं किल्ल्या घासत होती. त्यातलाच एक माझा सख्खा दादा. जेवतानाही ह्यांच्या तोंडी त्याच चाळिसांच्या गोष्टी. मी म्हणायची, "अहो, कधी माझीही चौकशी करा!"

मग बाहेरच्या देशातून मशीनवर केलेली कुलपं आली नि आमच्या कुलपाकडे गिऱ्हाईक ढुंकून बघेना. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. ह्यांना म्हणाले, "पुढच्या पाच वर्षांचं काय ते लिहून द्या."

झालं! दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर कागदांचा पसारा. मी ताटं ओट्यावर मांडायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. ह्यांचं पालुपद एकच: "मशीन आणावंच लागेल, नाहीतर कारखाना बुडेल. पण आधी माणसं शिकवायची. एकही जण घरी बसता कामा नये."

लिहिलंही तसंच. पहिल्या पानावर, वर्षभर चाळीस जणांना मशीनचं शिक्षण. दुसऱ्या पानावर, मशीन येईल त्या दिवशी कानसखातं बंद.

मालकांना आराखडा फार आवडला. पहिलं पान तेवढं त्यांनी काढून टाकलं. "वर्षभर शिकवत बसू? बाजार थांबणार आहे का आपल्यासाठी? मशीनबरोबर सहा शिकलेली माणसं येतायत."

"आणि तुम्ही गप्प बसलात?" मी कडाडले.

"दोनदा बोललो गं. म्हणाले, खातं बंद करा हे तुम्हीच लिहिलंय ना?"

सोमवारी फाटकाशी कागद लागला. दुसरं पान जसंच्या तसं, खाली ह्यांची सही. दादानं ते सावकाश वाचलं आणि विचारलं, "भाऊजी, हे तुम्ही लिहिलंत?" हे "हो" म्हणाले. खरंच होतं ना ते! दादा डबा उचलून निघून गेला.

ह्यांची नोकरी तेवढी राहिली. आणि एवढं करून मिळवलं काय, डोंबल? तिकडे बाहेरच्या देशात म्हणे आणखी नवीन मशीन आलंय. आमचं कुलूप अजून दुकानात पडूनच असतं. हे घरी येतात, मुकाट जेवतात. मला मेलीला ह्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

परवा न राहवून दादाकडे गेले. वहिनीनं दार अर्धंच उघडलं. "घरी नाहीत," म्हणाली. आत दादा खोकत होता. खोकला दाबायचा प्रयत्न करत होता, तेही ऐकू आलं. "बरं, येते," म्हटलं आणि जिना उतरले.