एकाच मापाची आठवण

माझी मावशी कोट शिवायची आणि तोंडाची फटकळ होती. गिऱ्हाईक म्हणालं, "काखेत आवळतंय," की म्हणायची, "जेवण आवरा जरा." शिवण मात्र निमूट उसवायची.

पन्नाशीत तिची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतार पडत होता, पण हळूहळू. कुणीतरी सुचवलं म्हणून ती एका 'मनोशोधका'कडे जाऊ लागली. पाटी चकचकीत, आवाज मधाळ. डोळे मिटायला लावून तो विचारायचा, "लहानपणी घरात कुणाची भीती वाटायची?" आठवत नाही म्हटलं, तर म्हणायचा, "म्हणजेच खोल गाडलंय."

आधी अंधारी खोली दिसली. मग पावलं ऐकू आली. मग एक हात, आणि शेवटी त्या हाताला तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा चेहरा आला. आई आणि मावशी एकाच खाटेवर वाढलेल्या. आईला असलं काही ठाऊक नव्हतं. पण मावशी फसली ती धंद्याच्या सवयीनं. कच्चे टाके घालून बघायचं, दर खेपेला अधिक नीट बसेल ते बरोबर, हे तिचं आयुष्यभराचं शास्त्र. आठवणही तशीच बसत गेली. तिनं वडिलांकडे जाणं सोडलं. आजोबा आईला विचारत, "ती का येत नाही गं?" त्या मनोशोधकाचा मला अजून संताप येतो.

एक दिवस दुकानात माप देता देता एक बाई रडू लागली. तीही त्याच्याकडेच जात होती. अंधारी खोली, पावलं, हात. हात तिच्या काकांचा.

मावशीनं टेप खाली ठेवली. "दोघींना एक कोट बसत नाही," ती म्हणाली, "आणि आठवण बरी बसते?"

तिनं जाऊन त्याला विचारलं, "हे घडलंच नसेल, तर ते मला कशावरून कळेल?"

"हा प्रश्नच तुमचा आजार आहे," तो हसून म्हणाला.

घरी येऊन ती मला म्हणाली, "बसलं नाही तर मी शिवण उसवते. हा मेला गिऱ्हाईकच उसवतो." मग ती पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ लागली, आणि एका सकाळी आजोबांकडे आली.

"आलीस? किती वाळलीस गं," म्हणत आजोबांनी तिच्या गालाकडे हात नेला. मावशी दचकून मागे सरली. सारं खोटं होतं हे तिला कळत होतं, पण अंगानं ऐकलं नाही. आजोबांनी हात हळूच मागे घेऊन आपल्या मांडीवर ठेवला.

त्यानंतर ती रोज येत राहिली. त्यांनी तिला पुन्हा कधी हात लावला नाही.